मेक इन्स्टॉलच्या आधी

लिनक्सवर सोर्स कोडमधून प्रोग्रॅम बांधणाऱ्यांना तीन कमांड तोंडपाठ असतात: ./कॉन्फिगर, मेक आणि मेक इन्स्टॉल. (पडद्यावर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या असतात, इथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत.) पहिली कमांड दिली की 'चेकिंग फॉर' अमुक, 'चेकिंग फॉर' तमुक अशा ओळी भराभर सरकत जातात आणि बहुतेक जण तेवढ्यात चहा घेऊन येतात. दुसरी कमांड खरे बांधकाम करते, म्हणजे कंपाइल करते. तिसरी तयार झालेल्या फायली आपापल्या जागी नेऊन ठेवते. त्यामुळे प्रोग्रॅम राहणार कुठे हा प्रश्न तिसऱ्या पायरीचा आहे असे वाटणे साहजिक आहे. आत्ता बांधू, ठेवताना जागा ठरवू, नाही आवडली तर उचलून दुसरीकडे नेऊ.

सोर्समधून बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या कितीतरी तक्रारी या एका समजुतीतून निघतात. जागा ठरते ती पहिल्या पायरीला, चहाच्या वेळी. दुसऱ्या पायरीत ती प्रोग्रॅमच्या पोटात जाते. तिसऱ्या पायरीला उरते ती फक्त हमाली.

हे तपासून पाहायला 'ग्नू हॅलो' हा प्रोग्रॅम उत्तम. तो 'हॅलो, वर्ल्ड!' एवढेच म्हणतो, पण त्यामागे भाषांतरे, मदतपुस्तिका, चाचण्या असा सगळा लवाजमा आहे, कारण ग्नू प्रकल्पाने तो मुळात नमुना म्हणूनच ठेवला आहे. नीट बांधलेले पॅकेज कसे दिसते ते दाखवणे हेच त्याचे काम. त्याचा सोर्स उतरवून घ्या, डिरेक्टरीत शिरा आणि ही कमांड द्या:

./कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/हॅलो

मग मेक, मग मेक इन्स्टॉल. आता /ऑप्ट/हॅलो उघडून पाहिले तर आत दोन डिरेक्टऱ्या दिसतात. 'बिन'मध्ये खुद्द प्रोग्रॅम. 'शेअर'मध्ये बाकीचे सगळे: 'मॅन'मध्ये मदतपान, 'इन्फो'मध्ये पुस्तिका आणि 'लोकेल'मध्ये प्रत्येक भाषेच्या संक्षेपाने एकेक डिरेक्टरी. मराठीचा संक्षेप 'एमआर'. फेडोरावर ग्नोम डेस्कटॉप असेल तर /यूएसआर/शेअर/लोकेल/एमआर/एलसी_मेसेजेस इथे डोकावून पाहा. पडद्यावरची मराठी मेनूतली वाक्ये 'एमओ' शेपटीच्या फायलींत बसलेली सापडतील.

समजा, तुम्ही हॅलोचे मराठी भाषांतर स्वतः केले. भाषांतराची पीओ फाइल लिहिली, भाषांच्या यादीत 'एमआर' घातले, पुन्हा बांधून /ऑप्ट/हॅलोमध्ये बसवले. लोकेल मराठी ठेवून प्रोग्रॅम चालवला की तो मराठीत नमस्कार करतो. आता नाव बदलण्याची लहर येते आणि तुम्ही अख्खी डिरेक्टरी /ऑप्ट/नमस्कार अशी करता. एकही फाइल हरवलेली नाही, आतली रचना जशीच्या तशी आहे. प्रोग्रॅम चालवा: 'हॅलो, वर्ल्ड!' मराठी गेली. चूक दाखवणारा संदेश नाही, इशारा नाही, काही नाही.

झाले ते असे. भाषांतरे शोधण्याचे काम गेटटेक्स्ट ही यंत्रणा करते. 'माझी भाषांतरे या ठिकाणी आहेत' असे प्रोग्रॅम तिला सुरुवातीलाच सांगतो. हे ठिकाण तो चालताना शोधत बसत नाही; कंपाइल होताना '/ऑप्ट/हॅलो/शेअर/लोकेल' ही अक्षरे जशीच्या तशी त्यात भरली गेलेली असतात. 'स्ट्रिंग्ज' नावाची एक छोटी कमांड बायनरी फायलीतली वाचता येणारी अक्षरे काढून दाखवते. ती हॅलोवर चालवली तर हा पत्ता डोळ्यांनी दिसतो. त्या पत्त्यावर काही मिळाले नाही, तर गेटटेक्स्ट तक्रार न करता मूळ इंग्रजी वाक्य देते. भाषांतर नसणे हा तिच्या लेखी गुन्हा नाही. तिचे हे धोरण योग्यच आहे, पण आपल्यासारख्यांना त्याचा फटका असा निमूट बसतो.

भाषांतराचे नुकसान सोसता येते. तोच प्रकार सेटिंगच्या फायलींबाबत घडतो तेव्हा रात्री जागाव्या लागतात. ओपनएसएसएच सोर्समधून काहीही न सांगता बांधले, तर ते आपली सेटिंग /यूएसआर/लोकल/ईटीसी इथे शोधते. प्रशासक मात्र सवयीने /ईटीसी/एसएसएच मधली फाइल बदलतो, सर्व्हर पुन्हा सुरू करतो आणि काहीच फरक पडला नाही म्हणून कपाळावर हात मारतो. फाइल बरोबर, बदल बरोबर, फक्त नवा सर्व्हर त्या फायलीकडे कधी बघतच नाही. ओपनएसएसएलचे त्याहून गमतीचे. त्याच्या कॉन्फिगरला दोन वेगळे पर्याय असतात: प्रीफिक्स आणि ओपनएसएसएलडिर. दुसरा न दिल्यास प्रमाणपत्रांचा साठा /यूएसआर/लोकल/एसएसएल मध्ये असेल असे ते धरून चालते. ती जागा ताज्या बांधणीत रिकामी असते. मग त्यावर बांधलेला पायथन कुठल्याही संकेतस्थळाशी सुरक्षित जोडणी करायला गेला की 'प्रमाणपत्र पडताळता आले नाही' म्हणून अडतो, आणि माणूस इंटरनेटला, कार्यालयाच्या फायरवॉलला, शेवटी पायथनला दोष देत बसतो. 'ओपनएसएसएल व्हर्जन -डी' ही कमांड पोटातला पत्ता एका ओळीत सांगते. दोष द्यायच्या आधी ती चालवावी.

मग एवढ्या डिरेक्टऱ्या हव्यातच कशाला? प्रोग्रॅमचे सगळे एका फोल्डरात ठेवले तर काय बिघडते? प्रश्न रास्त आहे आणि उत्तराचा बराचसा भाग अपघाताने घडलेला इतिहास आहे.

१९७१ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-११ या यंत्रावर युनिक्स चालवत होते. तेव्हा /यूएसआर म्हणजे खरोखरच वापरकर्त्यांची जागा होती. केनची घरची डिरेक्टरी /यूएसआर/केन. व्यवस्थेचे प्रोग्रॅम एका डिस्कवर आणि माणसांच्या फायली दुसऱ्या डिस्कवर. पहिल्या डिस्कवर जागा पुरेना, तेव्हा काही प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवर वापरकर्त्यांच्या शेजारी सरकवले गेले आणि /बिनच्या जोडीला /यूएसआर/बिन आले. पुढे माणसे /होममध्ये राहायला गेली, प्रोग्रॅम मात्र /यूएसआर मध्येच राहिले. डिस्क मोठ्या झाल्या, पण दोन 'बिन' कायम. त्यांच्यासाठी नंतर कारणेही शोधून काढली गेली: म्हणे संकटकाळात लागणारे प्रोग्रॅम /बिनमध्ये आणि बाकीचे /यूएसआर/बिन मध्ये. शेवटी फेडोराने २०१२ मध्ये सतराव्या आवृत्तीत /बिनला /यूएसआर/बिनकडे बोट दाखवणारी नुसती खूण करून टाकले. डेबियनला त्यासाठी २०२३ ची बारावी आवृत्ती उजाडावी लागली. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या एका डिस्कचा हिशेब मिटवायला लागलेला हा वेळ.

'शेअर' मात्र अपघाताने आले नाही. १९८० च्या दशकात विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत वर्कस्टेशनांच्या रांगा असायच्या. एकाच विभागात सन कंपनीची, मोटोरोलाच्या चिपवर चालणारी सन-३ यंत्रे आणि स्पार्क चिपवर चालणारी सन-४ यंत्रे शेजारी शेजारी नांदायची. सनच्याच एनएफएसमुळे एका सर्व्हरवरची डिस्क सगळ्यांना नेटवर्कवरून दिसायची. कंपाइल केलेला प्रोग्रॅम प्रत्येक चिपसाठी वेगळा लागे. मदतपाने, फाँट, शब्दांच्या याद्या सगळ्यांना त्याच चालत. डिस्क महाग, तेव्हा त्या एकदाच ठेवायच्या आणि सगळ्यांनी वाटून वापरायच्या. कॉन्फिगरमध्ये 'प्रीफिक्स'खेरीज 'एक्झेक-प्रीफिक्स' नावाचा दुसरा पर्याय का असतो याचे उत्तर हेच. चिपनुसार बदलणाऱ्या फायलींसाठी एक मूळ पत्ता, न बदलणाऱ्यांसाठी दुसरा. आज एक्झेक-प्रीफिक्स वेगळे देणारा माणूस शोधावा लागेल. ते मुकाट्याने प्रीफिक्सइतकेच धरले जाते.

कॉन्फिगर ही स्क्रिप्ट सहसा ऑटोकॉन्फने तयार केलेली असते. ऑटोकॉन्फची सुरुवात १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी ग्नू प्रकल्पासाठी केली. मेक त्याहून जुने, बेल लॅबमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांचे, १९७६ चे. त्या काळी युनिक्सच्या इतक्या जाती होत्या की प्रत्येकीसाठी मेकफाइल हाताने दुरुस्त करावी लागे. कॉन्फिगर यंत्राची चौकशी करते आणि त्या यंत्राला साजेशी मेकफाइल लिहून देते. डिरेक्टऱ्यांची नावे कोणती असावीत ते ग्नूच्या संहितेने ठरवून दिले. 'कॉन्फिगर --हेल्प' दिले की ती अख्खी यादी समोर येते: बिनडिर, एसबिनडिर, लिबडिर, लिबएक्झेकडिर, इन्क्लूडडिर, डेटाडिर, मॅनडिर, डॉकडिर, सिसकॉन्फडिर, लोकलस्टेटडिर आणि आणखी काही. घाबरण्याचे कारण नाही, कारण बहुतेक सगळे प्रीफिक्सवरून आपोआप निघतात. त्यातले 'शेअर्डस्टेटडिर' तर जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याची मूळ जागा प्रीफिक्सखालची 'कॉम' ही डिरेक्टरी, आणि चालत्या यंत्रावर ती क्वचितच कुणी पाहिली असेल.

लक्ष द्यावे असे दोनच: सिसकॉन्फडिर आणि लोकलस्टेटडिर. पहिली सेटिंगच्या फायलींची जागा, दुसरी प्रोग्रॅम चालताना वाढत जाणाऱ्या फायलींची: लॉग, रांगा, कॅश. प्रीफिक्स /यूएसआर दिले तर त्यांची मूळ किंमत /यूएसआर/ईटीसी आणि /यूएसआर/व्हार अशी होते. गणित बरोबर, पण लिनक्सच्या प्रथेप्रमाणे त्या फायली /ईटीसी आणि /व्हारमध्ये हव्या असतात. म्हणून डेबियन किंवा रेड हॅटसाठी पॅकेज बांधणारे लोक प्रीफिक्सबरोबर या दोन्ही जागा नेहमी वेगळ्या देतात. त्यांच्या साधनांत हे वाक्य तयारच ठेवलेले असते. हाताने बांधणारा विसरतो.

प्रथा म्हटली, पण ती नुसती सवय नाही, लिहिलेली आहे. लिनक्सच्या वितरणांनी फायली कुठे ठेवाव्यात याचा पहिला मसुदा १४ फेब्रुवारी १९९४ ला प्रसिद्ध झाला. तोच पुढे फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड झाला. त्याची तिसरी आवृत्ती २०१५ ची. वरवर पाहता तो डिरेक्टऱ्यांचा कोश वाटतो. माझ्या मते तो मालकीचा दस्तऐवज आहे. /यूएसआर वितरणाची, म्हणजे डेबियन, उबुंटू किंवा फेडोराच्या पॅकेज व्यवस्थापकाची. /यूएसआर/लोकल त्या यंत्राच्या प्रशासकाची; व्यवस्था अद्ययावत करताना तिथल्या फायलींना हात लागता कामा नये असे तो स्पष्ट सांगतो. /ऑप्ट बाहेरून आलेल्या, आपापल्या फोल्डरात गुंडाळलेल्या मोठ्या पॅकेजांची. कॉन्फिगरला प्रीफिक्स दिलेच नाही तर ते /यूएसआर/लोकल धरते. कारण सोर्समधून बांधणारा माणूस हा त्या यंत्राचा प्रशासक असणार, हे त्यामागचे गृहीत.

हद्द ओलांडली की काय होते त्याचे उदाहरण जुन्या सेंटओएस ६ वर सापडते. त्यातला पायथन २.६ होता आणि पॅकेजे बसवणारा यम हा प्रोग्रॅम त्याच पायथनमध्ये लिहिलेला. नवा पायथन हवा म्हणून कुणी २.७ चा सोर्स आणून प्रीफिक्स /यूएसआर दिले की मेक इन्स्टॉल इमानेइतबारे /यूएसआर/बिनमधल्या पायथनवर नवा पायथन लिहून टाकी. यमच्या पहिल्या ओळीत त्याच पायथनचा पत्ता. आता तिथे उठून येई तो २.७, आणि त्याच्या कपाटात यमचे मॉड्यूल नाही. म्हणजे नवीन काही बसवण्याचे साधनच निकामी, आणि ते दुरुस्त करायला लागणारी पॅकेजे बसवायची त्याच साधनाने. पायथनच्या मेकफाइलमध्ये 'ऑल्टइन्स्टॉल' नावाचे वेगळे लक्ष्य ठेवलेले आहे ते यासाठी: ते आवृत्तीचा आकडा असलेले नाव तेवढे बसवते, साध्या 'पायथन' या नावाला शिवत नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी, स्वतः पॅकेज बांधत नसाल तर प्रीफिक्स /यूएसआर देऊ नये.

ही मालकी सगळीकडे सारखी मात्र नसते. फ्रीबीएसडीवर मूळ व्यवस्था /यूएसआर मध्ये आणि पोर्ट्समधून बसवलेले सगळे /यूएसआर/लोकल मध्ये. म्हणजे तिथे /यूएसआर/लोकल पॅकेज व्यवस्थापकाची झाली, आणि लिनक्सची सवय घेऊन गेलेला माणूस त्याच्याच फायलींवर पाय देतो. नेटबीएसडीने /यूएसआर/पीकेजी अशी स्वतंत्र जागा करून हा घोळ टाळला. मॅकवर ॲपलने २०१५ मध्ये /यूएसआरला कुलूप लावले, प्रशासकालाही तिथे लिहिता येत नाही. /यूएसआर/लोकल तेवढे मोकळे सोडले. इंटेलच्या मॅकवर होमब्रू हा पॅकेज व्यवस्थापक तिथेच राहतो. ॲपलची स्वतःची चिप आल्यावर त्याने /ऑप्ट/होमब्रू असे नवे घर केले, कारण काही काळ एकाच मॅकवर दोन्ही चिपांचे प्रोग्रॅम नांदणार होते आणि त्यांच्या लायब्रऱ्या एकमेकींत मिसळून चालणार नव्हते.

जागा बरोबर निवडली तरी प्रोग्रॅम सापडेलच असे नाही. टर्मिनलमध्ये नाव टाइप केले की शेल 'पाथ' या यादीतल्या डिरेक्टऱ्या क्रमाने धुंडाळते. बहुतेक व्यवस्थांत /यूएसआर/लोकल/बिन हे /यूएसआर/बिनच्या आधी येते, म्हणून तुम्ही बांधलेला प्रोग्रॅम वितरणाच्या प्रोग्रॅमला झाकतो. /ऑप्ट/हॅलो/बिन मात्र कुणाच्याच यादीत नसते, ते घालावे लागते. लायब्रऱ्यांची यादी वेगळी. प्रोग्रॅम सुरू होताना लागणाऱ्या 'एसओ' फायली लोडर शोधतो, आणि तो पाथ बघत नाही. डेबियनच्या घराण्यात /यूएसआर/लोकल/लिब त्याच्या यादीत आधीच असते. नवी लायब्ररी बसवल्यावर 'एलडीकॉन्फिग' एकदा चालवले की काम होते. रेड हॅटच्या घराण्यात ती जागा मूळ यादीत नसते. म्हणून तेच पुस्तक, तीच कमांड, एका मित्राच्या यंत्रावर चालते आणि दुसऱ्याच्या यंत्रावर 'कॅननॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल' म्हणून थांबते. एलडी_लायब्ररी_पाथ हा पर्यावरणातला चल लावून ते भागवता येते, पण तो सगळ्या प्रोग्रॅमांना लागू होतो, आणि एकासाठी लावलेला उपाय दुसऱ्याला चुकीची लायब्ररी भरवतो. त्यापेक्षा लिंक करतानाच 'आरपाथ' देऊन लायब्ररीचा पत्ता प्रोग्रॅमच्या पोटात घातलेला बरा. पुन्हा पोटातला पत्ता. बांधताना लायब्रऱ्यांची माहिती देणारी पीकेजी-कॉन्फिग ही कमांड तिसरीच यादी बघते, तिचा चल वेगळा.

प्रशासकाचा पासवर्ड नसणाऱ्यांचे काय? पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या सामायिक महासंगणकावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला /यूएसआर/लोकल मध्ये एक अक्षरही लिहिता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याच्यासाठी प्रीफिक्स म्हणजे स्वतःची घरची डिरेक्टरी: सहसा त्यातले लपलेले '.लोकल'. तिथे मेक इन्स्टॉलला कुणाची परवानगी लागत नाही. मला तर घरच्या यंत्रावरही हीच पद्धत पटते. मेकफाइल ही शेवटी कमांडांची यादी आहे. 'सुडू मेक इन्स्टॉल' म्हणजे अनोळखी माणसाने लिहिलेली यादी प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे. महासंगणकांवर एकाच लायब्ररीच्या पाच-सहा आवृत्त्या लागतात, कुणाला जुनी, कुणाला या कंपायलरची, कुणाला त्या. मग प्रत्येकीला आपले प्रीफिक्स देतात आणि 'मॉड्यूल लोड' ही कमांड त्या त्या वेळी पाथ आणि इतर याद्या बदलून देते. तिच्यामागची एन्व्हायर्नमेंट मॉड्यूल्स ही पद्धत १९९१ पासून चालत आली आहे.

आता एक असा चल, ज्याचा आणि प्रीफिक्सचा गोंधळ जुनेजाणतेही करतात: डेस्टडिर. पॅकेज बांधणाऱ्याची अडचण अशी की प्रोग्रॅम शेवटी ग्राहकाच्या यंत्रावर /यूएसआर मध्ये राहणार, पण बांधणाऱ्याच्या यंत्रावरच्या /यूएसआरला धक्का लागता कामा नये. प्रीफिक्स तात्पुरत्या जागेचे दिले तर तोच पत्ता पोटात जाईल आणि ग्राहकाकडे प्रोग्रॅम वेडापिसा होईल. म्हणून कॉन्फिगरला प्रीफिक्स /यूएसआर सांगायचे आणि शेवटच्या पायरीला 'मेक इन्स्टॉल डेस्टडिर=/टीएमपी/पॅक' द्यायचे. फायली /टीएमपी/पॅक/यूएसआर/बिन अशा उतरतात, पण त्यांच्या पोटात /यूएसआरच असते. मग ते झाड गुंडाळून डेब किंवा आरपीएम फाइल करायची. प्रीफिक्स म्हणजे प्रोग्रॅम शेवटी राहणार ती जागा, डेस्टडिर म्हणजे आत्ता सामान उतरवायची जागा.

ऑटोकॉन्फच्या मेकफाइलमध्ये बिनडिरची किंमत थेट पत्ता म्हणून न लिहिता 'एक्झेक-प्रीफिक्स आणि पुढे /बिन' अशी, चलासकट लिहिलेली असते. नवख्याला ते उगाच किचकट वाटते. पण त्यामुळे 'मेक इन्स्टॉल प्रीफिक्स=दुसरीजागा' असे ऐनवेळी देता येते, पुन्हा कंपाइल न करता. बॉब ग्लिकस्टाइन यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या ग्नू स्टो या साधनाचा सगळा खेळ यावर आहे. कॉन्फिगरला /यूएसआर/लोकल सांगा, फायली मात्र /यूएसआर/लोकल/स्टो/हॅलो मध्ये उतरवा. मग स्टो तिथून /यूएसआर/लोकल/बिन आणि शेअरमध्ये सिम्बॉलिक लिंक टाकतो. पोटातला पत्ता /यूएसआर/लोकलचा, लिंकमुळे तिथे सगळे दिसते, आणि काढायचे असेल तर एका कमांडने लिंक गोळा होतात. सोर्समधून बांधलेले सॉफ्टवेअर काढणे एरवी कटकटीचे असते. पॅकेज व्यवस्थापकाला त्याची खबर नसते. 'मेक अनइन्स्टॉल' असले तर असते, आणि तेही त्याच प्रीफिक्सने तयार झालेली मेकफाइल जागेवर असेल तरच उपयोगी. म्हणून बांधणीची डिरेक्टरी फेकू नये. निदान कॉन्फिग.लॉग जपावा. त्याच्या पहिल्या काही ओळींत तुम्ही कॉन्फिगरला नेमकी काय कमांड दिली होती ती नोंदलेली असते.

नव्या पिढीची साधने, सीमेक आणि मेसॉन, हेच तत्त्व पाळतात. सीमेकमध्ये प्रीफिक्सचे नाव सीमेक_इन्स्टॉल_प्रीफिक्स, मेसॉनमध्ये साधे प्रीफिक्स, आणि लिनक्सवर दोन्हींची मूळ किंमत /यूएसआर/लोकल. डेस्टडिर दोघांनाही समजते. सीमेकची एक खोड ठाऊक असावी: बांधणीच्या डिरेक्टरीत चालणारा प्रोग्रॅम बसवल्यावर लायब्ररी सापडत नाही म्हणून रडतो, कारण इन्स्टॉल करताना सीमेक बांधणीचा आरपाथ पुसून टाकते. नवा आरपाथ हवा असेल तर वेगळा सांगावा लागतो.

पत्ता पोटात असण्याशी सगळ्यांनी आपापल्या परीने तडजोड केली. कोंडा हा पॅकेज व्यवस्थापक तयार बायनरी वाटतो आणि त्या कुणाच्याही घरच्या डिरेक्टरीत बसवतो. हे त्याला जमते ते एका धटिंगण युक्तीने. पॅकेज बांधतानाच प्रीफिक्स मुद्दाम २५५ अक्षरांचे दिले जाते. 'प्लेसहोल्ड' हा अक्षरसमूह पुन्हा पुन्हा जोडून ते लांबवलेले असते. तुमच्या यंत्रावर बसवताना कोंडा बायनरीत ती अक्षरे शोधतो, त्या जागी तुमचा खरा पत्ता लिहितो आणि उरलेली जागा शून्यांनी भरतो. तुमचा पत्ता २५५ पेक्षा लांब असला तर युक्ती फसते. होमब्रूही 'बॉटल' म्हटल्या जाणाऱ्या आपल्या तयार पॅकेजांत खुणेचे शब्द ठेवून ते बदलतो, पण काही पॅकेजांना तेवढे पुरत नाही. तुम्ही होमब्रू ठरलेल्या जागेऐवजी दुसरीकडे ठेवलात तर ती सोर्समधूनच बांधावी लागतात.

एल्को डोल्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात २००६ साली पीएचडीचा प्रबंध लिहिला तो निक्स या पॅकेज व्यवस्थापकावर, आणि त्यात त्यांनी प्रश्नच उलटा केला. निक्समध्ये सामायिक /यूएसआर नाही. प्रत्येक पॅकेजचे प्रत्येक रूप /निक्स/स्टोअरखाली स्वतःच्या प्रीफिक्समध्ये राहते, आणि त्या प्रीफिक्सच्या नावात अक्षरांची एक लांबलचक हॅश असते. ती बांधणीच्या सगळ्या घटकांवरून काढलेली: सोर्स, कंपायलर, पर्याय. एक पर्याय बदलला की पत्ता बदलला. बांधून झाल्यावर निक्स तयार फायलींत अशा हॅश शोधतो. हॅलोच्या पोटात एखाद्या सी लायब्ररीची हॅश सापडली, म्हणजे हॅलो तिच्यावर अवलंबून आहे. कुणी यादी लिहायला नको. इतरांना नडणारा पोटातला पत्ता इथे पुरावा म्हणून वापरला जातो, आणि कुठले जुने पॅकेज पुसून टाकायला हरकत नाही हेही त्यावरूनच ठरते.

या पद्धतीवर उभ्या असलेल्या निक्सओएसमध्ये /यूएसआर/बिन उघडले तर आत एकच फाइल असते: एनव्ही. /बिनमध्येही एकच: एसएच. निक्सला स्वतःला त्या दोन्हींची गरज नाही. पण जगभरातल्या असंख्य स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत हेच दोन पत्ते लिहिलेले आहेत, आणि त्या स्क्रिप्टा निक्सने बांधलेल्या नाहीत.